खाचेत कोण बसलंय?

खाली गल्लीत बांबू येऊन पडले की माझं डोकं फिरायला लागतं. ट्रकभर बांबू, दोरखंडाची भेंडोळी, त्यांच्यावर बसून चहा पिणारी माणसं, आणि फूटपाथ गायब. बालीगंजच्या आमच्या गल्लीत मंडपाचा सांगाडा उभा राहायला लागला म्हणजे समजायचं, भाद्र महिना लागला आणि आता या शहरात कुणाच्याही हातून कुठलंही काम व्हायचं नाही. न्हाणीघरातला नळ गळतोय? ‘पूजोर पोरे, दीदी.’ चष्म्याची काडी तुटलीय? ‘पूजोर पोरे.’ म्हणजे पूजेनंतर. दुर्गापूजा अजून महिनाभर लांब असते, तरी सगळं शहर आत्तापासूनच सगळी कामं तिच्या पलीकडे ढकलून मोकळं होतं. लग्न होऊन मिरजेहून इथे आले त्याला आता निम्मं आयुष्य झालं. बंगाली बोलते, मासे निवडून घेते, भावात घासाघीस करते. पण हे दोन शब्द काही मला अजून पचलेले नाहीत.

आणि उकाडा! पाऊस गेलेला नसतो आणि धड पडतही नाही. हवा नुसती अंगाला चिकटून बसते. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, सकाळी इस्त्री केलेल्या साडीचा बालीगंज स्टेशनच्या पुलापर्यंत जाईतो बोळा होतो. बंगाली माणूस याला ताल पिकवणारा उकाडा म्हणतो. ताल म्हणजे ताडाचं फळ. ते काळं, नारळाएवढं फळ या दिवसांत पिकून बाजारात येतं आणि त्याचा गोड, जड, जरासा आंबलेला वास घरभर भरून राहतो. माझ्या सासूबाई त्याचे वडे तळतात. त्या जन्मल्या इथेच, त्यांचे वडीलही इथलेच. घरात मराठी आणि दाराबाहेर बंगाली, असं त्यांचं जन्मभर चाललंय. ‘मंजू, चहा खाल्लास का?’ असं मला विचारतात, कारण बंगालीत चहा खातात. त्यांच्या हातून एकाच महिन्यात गणपतीचे मोदकही होतात आणि तालाचे वडेही, आणि दोन्हींना नाव ठेवायला जागा नसते.

मला मात्र तो वास आला की लॅबमधला एक भाद्र आठवतो आणि जीव नको नको होतो. काही वर्षं झाली त्याला. मी इथल्या एका संशोधन संस्थेत काम करते. प्रथिनांचे स्फटिक वाढवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते किरण कसे विखुरतात त्यावरून प्रथिनाचा आकार शोधून काढायचा, हा माझा धंदा. सांगायला सोपा आहे. करायला गेलं की नाकी नऊ येतात.

त्या वर्षी आमच्या गळ्यात एक किनेज पडलं होतं. माणसाच्या पेशीत निरोप पोचवणारी जी एन्झाइम्स असतात, त्यांतलं एक. किनेज काय करतं, तर दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटची टिकली लावत फिरतं. टिकली लागली की ते प्रथिन जागं होतं, पुढच्याला उठवतं, आणि पेशीला निरोप मिळतो: वाढ, किंवा थांब, किंवा दुभंग. टिकलीसाठी लागणारं फॉस्फेट किनेज घेतं एटीपी नावाच्या रेणूकडून. किनेजचे दोन भाग, वरचा लहान आणि खालचा मोठा, आणि दोघांच्या मधे एक खाच. एटीपी येऊन बसतं ते या खाचेत. काही कॅन्सरमध्ये किनेज बिघडतं आणि टिकल्या लावत सुटतं, थांबायचं नावच घेत नाही. मग त्याला अडवायचं कसं? एटीपीच्या आधी त्या खाचेत दुसरंच काहीतरी नेऊन बसवायचं. ते जे दुसरं काहीतरी, ते औषध. आमच्या किनेजचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची खिचडी होती. घरी आम्ही त्याला नुसतं ‘ते’ म्हणायचो.

खरं तर ‘ते’ मधुरिमाचं होतं. मधुरिमा माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सोनारपूरहून लोकलने यायची. हाडकुळी, जाड भिंगांचा चष्मा, आणि नाकावर राग. माझं तिच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं ते बहुधा त्यामुळेच. मला ‘मॅम’ म्हणायची, पण रागावली की ‘आपनि’ या शब्दावर असा जोर द्यायची की ‘तुम्ही’ ही शिवी वाटावी. आम्ही दोघी बंगाली, हिंदी, इंग्रजी यांच्या मिसळीत बोलायचो. इथे लिहिताना तिचं बोलणं मी मराठीत आणते आहे, त्यातला तिखटपणा थोडा कमी होणारच.

स्फटिक वाढवणं म्हणजे काय कटकट आहे, ते केल्याशिवाय कळायचं नाही. प्रथिनाचा एवढासा थेंब काचेला उलटा टांगून ठेवायचा आणि वाट बघायची. मिठाचं प्रमाण बदला, तापमान बदला, पुन्हा थेंब, पुन्हा वाट. कधी थेंबात चिखल होतो, कधी नुसता गढूळपणा. आणि कधी सूक्ष्मदर्शकाखाली लखलखीत, धारदार कडांचा स्फटिक दिसतो आणि माणूस आनंदाने खुर्चीतून उठतो. मग बारीक सुई लावून बघायची. प्रथिनाचा असेल तर तो मऊ दबतो. मिठाचा असेल तर कडकन मोडतो. मधुरिमाचे कितीतरी कडकन मोडले. एकदा तर सुई तशीच हातात धरून ती म्हणाली, ‘मॅम, या पोरीच्या नशिबी मीठच आहे.’ आणि मग स्वतःच हसत सुटली.

औषध आलं होतं सान्यालबाबूंकडून. हे दुसऱ्या संस्थेतले ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ. बोलणं साखरेत घोळलेलं, पण घाई अशी की समोरच्याचा श्वास कोंडावा. त्यांनी बनवलेल्या रेणूच्या एका टोकाला एक चपटं कडं होतं आणि त्याला मागे लांब शेपटी. परीक्षानळीत तो रेणू किनेजला अडवत होता. कसा अडवतो, खाचेत नेमका कुठे आणि कसा बसतो, ते आम्ही दाखवायचं होतं. मधुरिमाचा प्रबंध त्यावर अडून होता. तिची शिष्यवृत्ती वर्षअखेरीला संपत होती, आणि परदेशातल्या एका मोठ्या लॅबने तिला पुढची जागा कबूल केली होती. तोवर पेपर छापून आलेला असला पाहिजे, एवढीच अट. सोनारपूरच्या तिच्या घरात आईने बॅगसुद्धा आणून ठेवली होती. निळी, चाकांची. मधुरिमाने तिचा फोटो मला दाखवला आणि लगेच, ‘आईला काही कळत नाही,’ म्हणून फोन खिशात टाकला.

त्या भाद्राच्या सुरुवातीला, औषध घालून वाढवलेला एक स्फटिक अखेर धड निघाला. आमच्या तळघरात क्ष-किरणांचं यंत्र आहे, त्यावर तो तपासला. निघालेलं चित्र फार स्पष्ट नव्हतं. आमच्या कामात शेवटी जो नकाशा मिळतो तो संगणकाच्या पडद्यावर निळ्या जाळीसारखा दिसतो. जिथे अणू आहेत तिथे जाळी फुगलेली. आमची जाळी धूसर होती, धुक्यातून बघितल्यासारखी. पण खाचेत, अगदी एटीपीच्या जागी, एक गोल फुगवटा होता. मधुरिमाने सान्यालबाबूंचं कडं उचलून त्यात ठेवलं. बसलं! ती धावतच जिने चढून वर आली. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला संदेश मिठाई वाटून झाली. सान्यालबाबूंचा फोन आला, ‘मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं?’ घरी सासूबाईंनी तालाच्या वड्यांची ताटली माझ्यापुढे सरकवत विचारलं, ‘मग आता त्या पोरीचं लग्न करायला हरकत नाही ना?’ त्यांच्या लेखी सगळी संशोधनं शेवटी तिथेच जाऊन पोचतात.

मी वडा खाल्ला आणि मला तो गोड लागेना. कारण शेपटी. कडं दिसत होतं, पण औषधाची ती लांब शेपटी जाळीत कुठेच नव्हती. नकाशात ती हवेत लोंबकळत होती. सान्यालबाबू म्हणाले, ‘शेपटी लवचिक आहे, हलते, म्हणून दिसत नाही. सगळ्यांचं असंच असतं.’ असतं, हेही खरं. पण माझं मन काही मानेना.

आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. हा निळा नकाशा पूर्णपणे प्रयोगातून येत नाही. अर्धा येतो प्रयोगातून आणि अर्धा, आपण आत काय ठेवलंय त्यावरून संगणक गणित करून काढतो. म्हणजे आपण खाचेत औषध ठेवलं की पुढच्या नकाशात तिथे औषधासारखं काहीतरी दिसायला लागतं. पुन्हा ठेवलं की आणखी स्पष्ट दिसतं. आमच्या मिरजेत लग्न ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्याचं फेंगडं चालणंही ऐटदार दिसायला लागायचं, त्यातलाच हा प्रकार. त्यावर उपाय एकच. ज्याच्याबद्दल शंका आहे ते काढून टाकायचं, जागा रिकामी ठेवायची, गणित पुन्हा करायचं आणि मग बघायचं की तिथे अजून काही उरतंय का.

‘काढून बघ,’ मी मधुरिमाला म्हटलं.

‘का?’

‘का म्हणजे? काढून बघ म्हणतेय ना.’

‘मॅम, मी ते बसवायला चार वर्षं घालवलीत. आपनि म्हणता काढ!’

चिडली, दार आपटून गेली, पण तिने काढून बघितलं. आणि दुसऱ्या दिवशी विजयी चेहऱ्याने पडदा माझ्यापुढे फिरवला. औषध काढलं तरी फुगवटा तिथेच होता. तसाच गोल. म्हणजे भ्रम नव्हता, तिथे काहीतरी होतं नक्की. ‘आता?’ तिने विचारलं. आता मी काय म्हणायला हवं होतं? शाबास, लिही पेपर. कुठल्याही शहाण्या बाईने तेच म्हटलं असतं. मी म्हटलं, ‘काहीतरी आहे. पण ते आपलंच औषध आहे कशावरून? औषध अजिबात न घालता वाढवलेला एक स्फटिक तपास. खाच रिकामी दिसली, की मी तुझ्यासोबत नाचते.’

खिडकीबाहेर कुणीतरी बांबूवर हातोडा मारत होतं, ठण ठण ठण. मलाच तेव्हा माझा राग आला. एवढी काय खुमखुमी? पण सुई लावल्याशिवाय स्फटिक खरा म्हणायची सवयच मला नाही.

आणि मग भाद्राने आपले खेळ सुरू केले. औषधाशिवायचा स्फटिक मधुरिमाने कसाबसा वाढवला, तर क्ष-किरणांचं यंत्र थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. मेकॅनिकला फोन केला. काय म्हणाला असेल? पूजोर पोरे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोनवर काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही; मराठीत बोलले एवढंच बरं. गोठवलेला स्फटिक जपून ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो, तो रोज उडून चाललेला, आणि नवा आणणारी गाडी गणपतीत यायची ती आलीच नाही. मधुरिमा डब्याचं झाकण उघडून आत डोकावायची, पांढरी वाफ तिच्या चष्म्यावर जमायची, ती चष्मा पुसायची आणि झाकण लावायची. घरी मोदक वळताना माझ्या पाऱ्या फाटायच्या. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, चित्त कुठे आहे तुझं? गणपतीला काय फाटके मोदक देणार?’

शेवटी मी मेकॅनिकच्या साहेबाला गाठलं, त्याच्याही साहेबाला गाठलं, आणि यंत्र सुरू झालं. नेमकं विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: भाद्राच्या शेवटच्या दिवशी बंगालमध्ये यंत्रांची पूजा असते. कारखाने, गॅरेज, रिक्षा-स्टँड, सगळीकडे विश्वकर्मा बसतो, आकाशात पतंग, आणि त्या दिवशी कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. आमच्या तळघरातही पूजा झाली. क्ष-किरणांच्या त्या यंत्राला झेंडूची माळ, कुंकवाचा टिळा, समोर केळी आणि उदबत्ती. इतके दिवस बंद होतं तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, आणि आता सुरू झालं तर त्याला सुट्टी! मधुरिमा प्रसादाची केळी हातात घेऊन माझ्या शेजारी उभी होती. ‘हसू की रडू, मॅम?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘केळं खा.’

दुसऱ्या दिवशी स्फटिक यंत्रावर चढला. या स्फटिकाने जन्मात कधी सान्यालबाबूंचं औषध पाहिलं नव्हतं. नकाशा तयार झाला, तेव्हा आम्ही दोघी पडद्यासमोर होतो. मधुरिमाने खाच फिरवून समोर आणली.

फुगवटा तिथेच होता. तोच, तसाच, गोल.

तिने खाच उलटसुलट फिरवून बघितली. मग मधुरिमा अगदी हळू म्हणाली, ‘मग आत कोण बसलंय?’

ते तिनेच शोधून काढलं, पुढच्या आठवड्यात. प्रत्येक किनेजला खाचेच्या तोंडाशी त्याच्याच साखळीचा एक लांब लोंबता दोर असतो. तो हलत असतो, नकाशात नीट दिसत नाही, म्हणून आम्ही सगळेच तो सोडून देतो. आम्हीही सोडला होता. मधुरिमाने एकेक अणू ओवत तो दोर जाळीत बसवत नेला. आणि दोर मागे वळला, आत शिरला, आणि त्याच्यावर असलेलं त्याचं स्वतःचं, औषधासारखंच चपटं कडं बरोबर त्या फुगवट्यात जाऊन बसलं. एक तसूही कमी-जास्त नाही. किनेजने स्वतःच स्वतःची खाच बुजवून घेतली होती. काम नसताना ते आपलं दार आपल्याच हाताने लावून घेत होतं. आमचं औषध दाराबाहेर होतं, आणि कधी आत गेलेलंच नव्हतं. मग परीक्षानळीत ते अडवत कसं होतं? तेही मधुरिमाने तपासलं. औषधाच्या बारीक गुठळ्या होत होत्या आणि किनेज त्यांना चिकटून नुसतं अडकून पडत होतं. साबणासारखं काहीतरी थेंबभर घातलं, गुठळ्या विरघळल्या, अडवणं संपलं. एवढंच होतं ते औषध.

आज लिहिताना मला ते किती सुंदर होतं तेही दिसतं. करोडो वर्षांत घडलेलं, स्वतःला आवरणारं यंत्र. तेव्हा सौंदर्य बघायला डोळे कुणाला होते? मला दिसत होती ती चाकांची निळी बॅग.

सान्यालबाबू शांतपणे म्हणाले, ‘त्यात काय एवढं? दुसरा स्फटिक दाखवलाच पाहिजे असं कुणी म्हटलंय? पहिला आहे ना. पेपर पाठवा. मुलीचं भवितव्य आहे, मंजिरीदेवी.’ माझ्याच मुलीसारख्या मुलीचं भवितव्य हा माणूस मला समजावून सांगत होता! मी म्हटलं, ‘मी सही करणार नाही.’ फोन ठेवला आणि मान वर केली, तर मधुरिमा दारात उभी. सगळं ऐकलेलं.

‘आपनि सही करणार नाही,’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘बरोबर आहे. तुमची नोकरी पक्की आहे, मॅम.’

एवढं बोलून गेली. मला वाटतं, आयुष्यात मला कुणी इतकं खरं आणि इतकं लागेल असं बोललेलं नाही. नंतर काही दिवस ती आलीच नाही. फोन उचलेना. रस्त्यावर ढाक, म्हणजे पूजेचे ढोल, वाजायला लागले, मंडपांवर कापड चढलं, माणसं नव्या कपड्यांच्या पिशव्या मिरवत गडियाहाट बाजाराच्या गर्दीत घुसत होती आणि मी गर्दीला शिव्या घालत ऑफिसातून घरी आणि घरून ऑफिसात जात होते. सासूबाईंनी एकदा विचारलं, ‘ती पोरगी रुसलीय का गं?’ मी म्हटलं, ‘आई, तुम्ही तरी नका विचारू.’ त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.

पूजेच्या अगदी तोंडावर, संस्था बंद व्हायच्या दिवशी, ती आली. लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. प्रबंधाचं पहिलं प्रकरण नव्याने लिहिलेलं. औषधाचं नाव शीर्षकातून गेलं होतं.

‘तुम्ही सही केली असतीत तरी मी पाठवलं नसतं,’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ‘मी खूप प्रयत्न केला, मॅम. रोज उघडून बघत होते. ते कडं औषधाचं म्हणून आता मला दिसतच नाही.’

तिला जवळ घ्यावंसं वाटलं मला. घेतलं नाही; आमची तशी पद्धत नव्हती. मी नुसतं ‘चुका काढून देते’ म्हटलं आणि आत जाऊन तोंड धुतलं.

पुढचं भराभर सांगण्यासारखंच आहे. नव्याने लिहायला वेळ लागला. शिष्यवृत्ती संपली, मुदतवाढ मिळाली नाही. परदेशातल्या लॅबने फार नम्र शब्दांत कळवलं की जागा राखून ठेवता येत नाही. पेपर एका लहानशा नियतकालिकात आला. एन्झाइम स्वतःला बंद करतं एवढंच सांगणारा पेपर, औषधाशिवाय, कोण वाचणार? पदवी मिळाली. मी अर्ज लिहिले, शिफारशी लिहिल्या, ओळखीपाळखी काढल्या. एकही जागा लागली नाही. सान्यालबाबूंचा मात्र निवृत्तीचा सत्कार थाटात झाला, मलाही बोलावणं होतं. मी गेले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते दुखतही होतं. मधुरिमा आता सोनारपूरमध्ये राहत्या घरी वैद्यकीय प्रवेश परीक्षेची शिकवणी घेते. तिची मुलं पास होतात, ती नावाजलेली बाई आहे तिथे. मी तिला भेटते तेव्हा आम्ही भाव, उकाडा, आईचे गुडघे असं बोलतो.

यंदा बांबू पडले त्याच आठवड्यात मी एक नवा पेपर वाचला. त्याच परदेशी लॅबचा, आमच्याच किनेजवर. त्यांचं औषध खाचेत शिरतं, किनेजचं स्वतःचं कडं बाहेर ढकलतं आणि त्या जागी बसतं. संदर्भांच्या यादीत खाली कुठेतरी मधुरिमाचा पेपर होता. बंद दार कसं दिसतं ते तिने आधी दाखवलं, म्हणून त्यांना उघडण्याची वाट सापडली. मी नकाशाचं चित्र डोळे बारीक करून बघितलं आणि, सांगायला लाज वाटत नाही, माझ्या मनात आलं: खोटं असू दे. देवा, यांचंही खोटं निघू दे. निदान न्याय तरी होईल.

मधुरिमाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मूळ डेटा ठेवलाय का त्यांनी लोकांसाठी?’

ठेवलेला असतो, तो नियमच आहे. कुणालाही उतरवून घेता येतो.

‘बघते,’ ती म्हणाली.

चार-पाच दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. तिने शिकवणीच्या लॅपटॉपवर तो डेटा उतरवला होता. त्यांचं औषध काढून टाकलं, जागा रिकामी केली, गणित पुन्हा केलं. मग किनेजचं कडं घालून बघितलं. तिच्या आवाजावरून मला काहीच कळेना.

‘मग?’ मी विचारलं.

‘त्यांचं खरं आहे, मॅम.’

‘नीट बघितलंस?’

‘तीन प्रकारांनी बघितलं. किनेजचं कडं बसत नाही तिथे. त्यांचं बसतं, शेपटीसकट. एवढी स्वच्छ जाळी मी कधी पाहिली नव्हती.’ ती थांबली. ‘फार सुंदर काम आहे.’

पलीकडे पंखा घरघरत होता, तो ऐकू येत होता.

‘मला वाटत होतं, नसू दे,’ मधुरिमा म्हणाली.

‘मलाही,’ मी म्हटलं.

‘हो ना?’ ती जराशी हसली, किंवा मला तसं वाटलं. मग मागे कुणीतरी ‘मिस, मिस’ म्हणून हाक मारली. ‘आलेच,’ ती त्यांना म्हणाली, आणि मला म्हणाली, ‘ठेवते, मॅम. मुलं आली.’